मामांच्या लिव्हरमधली गाठ आणि घरात सुईवरून चाललेला वाद

पत्र : नमस्कार मॅडम, आम्ही कराडजवळ राहतो. आमचे मामा म्हणजे सासरे, वय 64, एसटीतून रिटायर झालेत. दोन महिन्यात 7 किलो वजन उतरलं, जेवण जात नाही म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये गाठ निघाली. मग सीटी केला, उजव्या बाजूला 5 सेंटीमीटरची एक आणि लहान लहान तीन. दारू कधीच नाही, कावीळ बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची टेस्ट) नॉर्मल. डॉक्टर म्हणाले सोनोग्राफीखाली सुई घालून तपासू. पण चुलत सासरे म्हणतात गाठीला सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, त्यांच्या मित्राचं तसंच झालं, दोन महिन्यात गेले. ह्यांचं म्हणणं, सुईबिई नको, डायरेक्ट पुण्याला नेऊन ऑपरेशन करून टाकू. मामांना 14 महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यांना अजून काही सांगितलं नाहीये, पोटात पाणी झालंय ते काढायचंय असं सांगून नेऊ असं सगळे म्हणतायत. बारा दिवस झाले रिपोर्ट कपाटात पडून आहेत. सुई लावावी का? एफएनएसी आणि बायोप्सी यात काय फरक? काय करू कळत नाही. (एक सून)

ताई,

आधी उत्तर देते मग कारणं सांगते. सुई लावून घ्या, आणि या आठवड्यातच तयारीला लागा. मी सीटीच्या फिल्म बघितलेल्या नाहीत त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं एकत्र धरलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं बरोबर वाटतंय मला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे सुईतून जे येतं ते काचेवर पसरवून मायक्रोस्कोपखाली बघणारी, वीसेक वर्षं सोनोग्राफीच्या खोलीत ट्रे घेऊन रेडिओलॉजिस्टच्या शेजारी उभी राहिलेय, त्यामुळे हा तुमच्या घरातला वाद मी दाराबाहेरच्या बाकड्यावर कितीदा ऐकलाय त्याची गणती नाही.

काकांपासून सुरू करते, कारण त्यांना गप्प बसवून काही होणार नाही, त्यांचा मित्र गेलाय आणि ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. पण होतं काय, की लिव्हरमध्ये गाठी दिसेपर्यंत बऱ्याच जणांचा आजार आधीच पुढे गेलेला असतो, वजन उतरलेलं, भूक गेलेली, मग तपासण्या होतात, सुई लागते, आठ दिवसांनी आजाराचं नाव कळतं आणि पुढच्या दोन महिन्यात माणूस जातो, घरच्यांच्या लक्षात मात्र एवढंच राहतं की सुई लावेपर्यंत चालत-बोलत होते. सुई नसती लावली तरी त्या मित्राचं तेच झालं असतं, फक्त कशाने गेले ते कळलं नसतं.

आता यात खरं किती तेही सांगते, काकांचं म्हणणं अगदीच निराधार नाहीये. सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे नवीन गाठ उगवणं हे घडतं. लिव्हरचा स्वतःचा जो कॅन्सर असतो (बाहेरून आलेला नाही, लिव्हरच्याच पेशींचा) त्यात 100 पेशंटमध्ये साधारण 2 ते 3 जणांना असं झाल्याचं धरतात, आणि तेही सुईच्या वाटेवर, अंगभर नाही. म्हणूनच ज्याला सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) आहे किंवा हिपॅटायटिस बी जुना आहे आणि गाठ 1 सेंटीमीटरहून मोठी आहे, त्याचा ट्रायफेजिक सीटी (शिरेतून औषध देऊन वेगवेगळ्या वेळी, म्हणजे फेजमध्ये, फोटो काढतात तो) किंवा एमआरआय करतात, आणि गाठ सुरुवातीच्या फेजमध्ये चमकून नंतरच्या फेजमध्ये काळी पडताना दिसली तर सुई न लावताच निदान करतात. तसंच एकच गाठ आहे, ती ऑपरेशनने पूर्ण निघण्यासारखी आहे आणि सर्जनने काढायचं ठरवलंच आहे, तर तिथेही बरेच सर्जन सुई नको म्हणतात, कारण बरं होण्याची संधी असताना 2 टक्क्यांची तरी जोखीम कशाला. हेमँजिओमा म्हणून रक्तवाहिन्यांचा एक साधा गुच्छ असतो, लिव्हरमधल्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात कॉमन तोच, तो सीटी-एमआरआयवरच ओळखतात आणि त्याला उगाच टोचत नाहीत. आणि हायडॅटिड, म्हणजे कुत्र्या-मेंढ्यांच्या जंतापासून होणारी पाण्याची पिशवी, तुमच्याकडे मेंढरं पाळणारी घरं आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय, ती बेसावधपणे फोडली तर जोराची ॲलर्जी येऊन बीपी पडू शकतं, त्यामुळे आधी औषध सुरू करून, तयारी ठेवूनच तिला हात लावतात.

मामा यातल्या कशात बसतात? मला तरी कशातच नाही दिसत. सिरॉसिस असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, बी-सी निगेटिव्ह, एएफपी नॉर्मल (एएफपी नॉर्मल म्हणजे लिव्हरचा कॅन्सर नाहीच असं नसतं, पण बाकीच्या गोष्टींबरोबर धरायचं), गाठी एक नाही चार. हे चित्र बहुतेक वेळा दुसरीकडून आलेल्या आजाराचं असतं, आतडं, जठर, स्वादुपिंड, फुफ्फुस, प्रोस्टेट कुठूनही. कधीकधी ते कॅन्सरच नसतं. त्यामुळे तुमच्या मिस्टरांना शांतपणे सांगा की ऑपरेशन कशाचं करणार? मूळ कुठे आहे तेच माहीत नसताना लिव्हरमधल्या चार गाठी कोणी कापत नाही, आणि तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना शक्यतो केमोही कोणी सुरू करत नाही, म्हणजे पुण्याला गेलात काय किंवा मुंबईला टाटात गेलात काय, पहिल्या दिवशी तुम्हाला हेच विचारणार की बायोप्सी झालीय का.

कुठलीही सुई लावण्याआधी डॉक्टरांना एकच विचारायचं असतं, या रिपोर्टने पुढच्या उपचारात काय बदलणार. काहीच बदलणार नसेल, पेशंट इतका थकलाय की कुठलाच उपचार झेपणार नाही असं सगळ्यांचं मत असेल, तर टोचू नये, मी स्वतः अशा पेशंटच्या घरच्यांना परत पाठवायला सांगितलंय. पण मामा चालते-फिरते आहेत आणि त्यांच्या बाबतीत सगळंच बदलणार आहे. हा मोठ्या आतड्याचा निघाला तर केमो देऊन गाठी लहान करून कधीकधी लिव्हरमधल्याही काढता येतात. न्यूरोएंडोक्राइन नावाचा प्रकार निघाला तर तो पुष्कळदा इतका हळू वाढतो की लोक वर्षानुवर्षं औषधावर राहतात. लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) निघाला तर ऑपरेशनचा संबंधच नाही, तो केमोने वितळतो. माझ्याकडे असेच एक शेतकरी आले होते, सीटीवर पसरलेला कॅन्सर लिहिलेलं, घरच्यांनी गुपचूप रडून घेतलेलं, आणि सुईतून टीबी निघाला. गोळ्यांवर बरे झाले ते. मामांचं तसंच निघेल असं मी बिलकुल म्हणत नाहीये, वजन ज्या वेगाने उतरलंय त्याची मला काळजी वाटतेय, पण सीटीवर चारही गोष्टी एकमेकींसारख्या दिसू शकतात आणि चौघींचे उपचार वेगळे, हे घरात सगळ्यांना समजायला हवं.

आता एफएनएसी की बायोप्सी. एफएनएसीची सुई बारीक असते, बहुतेक 22 गेज, म्हणजे हातातून रक्त काढायला वापरतात साधारण तेवढीच जाड, फक्त लांब, पाठीत भूल द्यायची जी सुई असते तीच बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिने गाठीत मागे-पुढे करून पेशी ओढून घ्यायच्या आणि आम्ही त्या लगेच काचेवर पसरवतो, काही स्लाइड हवेत वाळवायच्या, काही ओल्या असतानाच स्पिरिटमध्ये बुडवायच्या. रिपोर्ट एक-दोन दिवसात येतो. कॅन्सर आहे का, हे तिच्यातून बऱ्याचदा नीट कळतं. पण तो कुठून आलाय हे शोधायला वेगवेगळे स्टेन (खास रंग) लावावे लागतात, त्याला इम्युनो म्हणजे आयएचसी म्हणतात, एकेक स्टेन म्हणजे पेशींना एकेक प्रश्न विचारल्यासारखं, तू लिव्हरची का, आतड्याची का, फुफ्फुसाची का, आणि दरवेळी तुकड्याचा एक पातळ काप खर्ची पडतो. त्यासाठी माल भरपूर लागतो. बायोप्सीची सुई 18 गेजची, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड, ती एक-दोन सेंटीमीटर लांब दोऱ्यासारखा तुकडा काढते, आणि पुढे जनुकांच्या टेस्ट करायची वेळ आली तर तोच तुकडा उपयोगी पडतो. म्हणून तुम्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारा की कोअर बायोप्सी करणार का. जिथे पॅथॉलॉजिस्ट खोलीत हजर असतो तिथे आधी बारीक सुईने घेऊन जागेवरच माल आलाय का बघतात आणि मग त्याच बैठकीत तुकडेही काढतात, ते सगळ्यात चांगलं. काही कारणाने नुसती एफएनएसीच होणार असेल तर सेल ब्लॉक बनवा म्हणून आग्रह धरा, उरलेला माल फॉर्मलिनमध्ये घालून मेणात बसवतात, त्यावर थोडेफार स्टेन करता येतात. पहिल्या सुईत कमी माल आला म्हणून पंधरा दिवसांनी परत टोचायची वेळ यावी यासारखं वाईट नाही, पैसे जातात, दिवस जातात आणि काकांच्या हातात कोलीत मिळतं ते वेगळंच.

आता गोळ्यांचं, हे नीट वाचा. रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या म्हणजे बहुतेक एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तसलीच. या चालू असताना लिव्हरमधून तुकडा काढला तर रक्त थांबायला वेळ लागतो, आणि घरच्या घरी बंद केल्या तर स्टेंट बंद पडून हार्ट अटॅक येऊ शकतो. दोन्हीकडून धोका आहे, म्हणून मनाने एकही गोळी बंद करायची नाही आणि रेडिओलॉजिस्टपासून लपवायचंही नाही. ज्यांनी स्टेंट टाकला त्या कार्डिओलॉजिस्टकडे उद्याच जा. क्लोपिडोग्रेल असेल तर साधारण 5 दिवस आधी थांबवतात आणि ॲस्पिरिनचं पेशंट बघून ठरवतात, 14 महिने झालेत म्हणजे काहीतरी मार्ग निघेल असं वाटतं, पण कोणती, किती दिवस आणि परत कधी सुरू हे तिन्ही त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. परत सुरू करायचं विसरणारे लोक मी बघितलेत म्हणून सांगते. बाकी रक्ताच्या टेस्ट लागतील, प्लेटलेट 50,000 च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) 1.5 च्या आत असला की साधारण पुढे जातात. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलंय का तेही विचारा, खूप पाणी असेल तर पद्धत बदलावी लागते.

त्या दिवशी चार-सहा तास उपाशी बोलावतील. मामांना पाठीवर किंवा थोडं डाव्या कुशीवर झोपवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावतात, त्याने बरगड्यांमधली जागा मोकळी होते. डॉक्टर आधी प्रोबने वाट शोधतात आणि त्यालाच खरा वेळ लागतो, रक्तवाहिनी, पित्ताशय, वरचं फुफ्फुस सगळं चुकवायचं, बरगडीच्या खालच्या कडेला शीर असते म्हणून तिच्या वरच्या काठाला धरून जायचं, आणि गाठीवर थेट न जाता थोड्या चांगल्या लिव्हरमधून शिरायचं म्हणजे बाहेर येताना ते चांगलं लिव्हर भोक दाबून धरतं. मोठ्या गाठीचं मधलं मांस बऱ्याचदा मेलेलं असतं, म्हणून कडेचा तुकडा घेतात. सोनोग्राफीचा फायदा हाच की सुईचं टोक स्क्रीनवर पांढऱ्या ठिपक्यासारखं पुढे सरकताना दिसत राहतं आणि किरण वगैरे काही नसतात. कातडी आणि लिव्हरच्या आवरणापर्यंत भुलेचं इंजेक्शन देतात, ते दोन मिनिटं चुरचुरतं, नंतर दाब जाणवतो. लिव्हर श्वासाबरोबर वर-खाली होतं, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा श्वास धरायचा असतो आणि त्या चार-पाच सेकंदात काम होतं. बायोप्सीच्या गनचा टक् असा आवाज येतो, तो आधी सांगून ठेवा नाहीतर माणूस दचकतो आणि हलतो, आणि नेमकं तेव्हाच हलायचं नसतं. घरी रोज थोडा वेळ आडवं पडून श्वास धरायची प्रॅक्टिस करून घ्या.

नंतर चार ते सहा तास पडून राहायचं, नर्स पहिले दोन तास तरी सारखं नाडी-बीपी बघतील, कारण रक्तस्राव झालाच तर निम्म्याहून जास्त वेळा तो पहिल्या दोन तासात कळतो आणि बाकीचा बहुतेक 24 तासांच्या आत. मोठा रक्तस्राव होण्याचं प्रमाण 100 मध्ये एकापेक्षाही कमी आहे, पण शून्य नाहीये, म्हणून मला वाटतं मामांना त्या रात्री हॉस्पिटलमध्येच किंवा निदान कराडात नातेवाईकांकडे ठेवा, गावी न्यायची घाई नको, बाइकवरून तर नाहीच. उजवा खांदा दुखला तर घाबरू नका, लिव्हरच्या वरच्या पडद्याची आणि खांद्याची नस मणक्यात एकाच भागातून येते म्हणून दुखतो आणि साध्या गोळीने थांबतो. पोटातली कळ वाढतच चालली, दरदरून घाम, चक्कर, दम लागणं, शौच काळी होणं, ताप, यातलं काही झालं तर मात्र सकाळची वाट बघायची नाही, उचलून घेऊन जायचं.

आता ज्या गोष्टीवरून मला तुमच्या घरच्यांशी भांडावंसं वाटतंय ते. मामांना पाणी काढायचंय असं सांगून नेऊ नका. एकतर संमतीच्या कागदावर सही त्यांची लागते, पोराची नाही. दुसरं, टेबलावर पडून श्वास धरायचाय त्यांना, काय चाललंय ते माहीत नसलेला माणूस ऐन वेळी उठून बसतो, हे मी बघितलंय. आणि तिसरं ताई, ज्या माणसाने जन्मभर एसटीत नोकरी केली, रोज लोकांची तोंडं बघितली, त्याला घरातल्या बायका स्वयंपाकघरात जाऊन का कुजबुजतायत हे कळत नसेल असं वाटतं तुम्हाला? त्यांना कळलंय. ते तुम्हाला त्रास नको म्हणून विचारत नाहीयेत. कॅन्सर हा शब्द आज उच्चारायची गरज नाही, कारण आज तो आपल्यालाही नक्की माहीत नाहीये. एवढंच सांगा की मामा, लिव्हरमध्ये गाठी दिसल्यात, कशाच्या आहेत ते सुईने तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि कळल्याशिवाय औषध ठरणार नाही. हे शंभर टक्के खरं आहे आणि ऐकायला झेपेल असंही आहे. मुलाने सांगितलं तर बरं, पण त्याला जमत नसेल तर तुम्ही सांगा.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, ते क्वचितच चुकतं. पण 'निगेटिव्ह', 'इनॅडिक्वेट' (माल अपुरा), 'फक्त नेक्रोसिस (मेलेलं मांस) दिसलं' यातल्या कशाचाही अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही, सुईत ती जागा आलीच नसेल असंही असू शकतं. काही वर्षांपूर्वी मी एका बाईंच्या स्लाइडवर नुसतं नेक्रोसिस बघितलं, तसंच लिहिलं, खाली पुन्हा सॅम्पल घ्यावं असंही लिहिलं, पण फोन करून कोणाला सांगितलं नाही. घरच्यांनी वरची ओळ वाचली, कॅन्सर शब्द नाही म्हणून देवाला नारळ फोडला आणि तीन महिन्यांनी कावीळ घेऊन आले. तेव्हापासून असा रिपोर्ट गेला की मी स्वतः डॉक्टरांना फोन करते, पण सगळीकडे कोणी करेलच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारायचं की सीटीवर जे दिसतंय आणि रिपोर्टमध्ये जे आलंय ते जुळतंय का, आणि नसेल तर परत कधी घ्यायचं. साधा बायोप्सी रिपोर्ट तीन ते पाच दिवसांत आणि आयएचसी धरून अजून आठवडा लागेल असं धरून चाला. मधल्या काळात रिकामं बसू नका, डॉक्टरांना विचारून दुर्बिणीच्या तपासण्या आणि सीईए वगैरे रक्ताच्या टेस्ट उरकून घ्या म्हणजे मूळ शोधायला मदत होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुढचा उपचार बसतो का तेही आत्ताच विचारून ठेवा, रेशन कार्ड-आधार शोधण्यात लोकांचे दिवस जातात.

आणि पुढे पुणे-मुंबईला जायचं ठरलंच तर नुसता रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, सही करून देतात, तो तुमचाच आहे. मोठ्या सेंटरला तेच परत तपासतात आणि तो ब्लॉक असला तर मामांना दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. स्लाइड काचेच्या असतात म्हणून डबीतच ठेवा, आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत टाकू नका, मेण मऊ पडतं त्याचं, हातातल्या पिशवीत सावलीला ठेवून न्या.